ट्रियरची काळी वेस आणि पलीकडे

मित्रहो, जर्मनीत मोझेल नदीकाठी वसलेल्या ट्रियर गावातील रोमन वास्तू पायी पाहायच्या असतील, तर उत्तरेच्या वेशीपासून निघावे. पोर्टा निग्रा, म्हणजे काळी वेस, हे तिचे नाव मध्ययुगात पडले. मूळचा वालुकाश्म फिकट रंगाचा असून काळाच्या ओघात तो काळवंडला आहे. इसवी सन 170च्या सुमारास तिचे काम सुरू झाले, असे पायाच्या भागात सापडलेल्या लाकडाच्या वाढवलयांवरून ठरले.

लांबून छायाचित्र घेऊन पुढे निघू नका. भिंतीला हात टेकेल इतके जवळ जा. चिऱ्यांच्या सांध्यांवर ओबडधोबड खड्डे दिसतील. या बांधणीत चुना नाही. टनावारी वजनाचे चिरे एकावर एक रचून, शेजारच्या चिऱ्यांना लोखंडी आकड्यांनी जखडून, आकड्यांभोवती वितळलेले शिसे ओतलेले होते. पुढे मध्ययुगात धातूसाठी लोकांनी ते खोदून नेले, त्याचेच हे व्रण. आकडे गेले, तरी चिरे स्वतःच्या वजनावर जागचे हलले नाहीत.

गावाच्या इतर रोमन वेशी नाहीशा झाल्या, मग हीच का टिकली? सिमिऑन नावाचा एक ग्रीक तपस्वी तिच्या पूर्वेकडील बुरुजात स्वतःला कोंडून घेऊन राहिला आणि 1035 साली वारला. त्याच्या स्मरणार्थ आर्चबिशप पोप्पो यांनी या वेशीचेच चर्च केले, आणि पुढची जवळजवळ आठशे वर्षे तिच्या दगडाला कोणी हात लावला नाही. 1804 साली नेपोलियनने चर्चचा भाग उतरवून रोमन रूप मोकळे करण्याचा हुकूम दिला. चर्चचा बाराव्या शतकातील अर्धगोल भाग तेवढा राखला गेला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. तोही पाडला असता, तर ही वास्तू वाचली कशी, हे सांगणारा साक्षीदारच उरला नसता.

तिथून दक्षिणेकडे चालत गेले, की रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनचे सभागृह लागते. सुमारे 67 मीटर लांब, 33 मीटर उंच, विटांचे, आणि आत एकही खांब नाही. सम्राटाच्या आसनामागील अर्धगोलातल्या खिडक्या इतर खिडक्यांहून लहान ठेवल्या आहेत, त्यामुळे नजर फसते आणि तो भाग आहे त्याहून दूर आणि भव्य भासतो. दरवाजातून आत शिरताच हे अनुभवावे, मग जवळ जाऊन खिडक्या मोजाव्यात. 1856पासून इथे प्रॉटेस्टंट चर्च आहे. 1944च्या बाँबहल्ल्यात ते जळाले. पुन्हा उभारताना आतल्या भिंतींना गिलावा केला नाही, म्हणून आज रोमन विटा उघड्या डोळ्यांनी पाहता येतात.

शाही स्नानगृहांच्या भुयारांत वेळ कमी दिला तरी चालेल, पण नदीवरचा पूल चुकवू नये. त्याच्या वरच्या कमानी अठराव्या शतकातील असल्या, तरी पाण्यात उभे असलेले काळ्या बेसाल्टचे बरेचसे खांब इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले आहेत. काठावर उतरून खालून पाहावे: डोक्यावर मोटारींची ये-जा चालू असते आणि तिचा भार अजून त्या खांबांवर आहे.