ठरावाच्या वहीतले सत्य

अध्यक्षमहाराज आणि नाशिककर श्रोतेहो,

लोकशाहीतील सत्याचा विषय निघाला, की आपण बहुधा दिल्ली-मुंबईच्या पुढाऱ्यांची भाषणे तपासायला बसतो. मतदाराच्या जाणण्याच्या हक्काविषयी बोलायचे मी कबूल केले आहे आणि तिकडे येणारच आहे; पण आधी ग्रामसभेच्या इतिवृत्ताच्या वहीविषयी बोलू द्या, कारण सार्वजनिक असत्याची सवय आपल्याला तिथे लागते, असे माझे ठाम मत आहे.

निफाड तालुक्यातील माझ्या आजोळी पाणंद रस्त्याच्या प्रश्नावर ग्रामसभा झाली. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर लागतात. मारुतीच्या पारावर जेमतेम चाळीसेक जण होते. एका वयस्क शेतकऱ्याने उभे राहून सांगितले, की रस्त्याची आखणी अशीच राहिली तर ओढ्याचे पाणी त्याच्या द्राक्षबागेत शिरेल. वाद झाला, आवाज चढले, चहा आला आणि सभा पांगली. त्यानंतर शिपाई हजेरीची वही घेऊन घरोघर फिरला.

मी माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागितली. 30 दिवसांची मुदत उलटली, पहिले अपील करावे लागले, तेव्हा कुठे झेरॉक्स हातात पडली. शंभरावर सह्या, त्यांतल्या बऱ्याचशा एकाच वळणाच्या! जन्मभर अंगठा उठवत आलेल्या एका आजींची त्यात सुबक सही आहे. आपण हसलात, आणि हसू येण्यासारखेच ते आहे. पण खालचा ठराव ऐका: 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' त्या शेतकऱ्याच्या हरकतीचे त्यात अवाक्षर नाही. तो तालुक्याला दाद मागायला गेला, तेव्हा त्याचा विरोध रेकॉर्डवर नसल्याचे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. गावात विचाराल तर खोटे लिहिल्याचे कोणीच म्हणणार नाही. 'कागद पूर्ण करावा लागतो, नाहीतर निधी परत जातो,' हेच उत्तर मिळेल. कोणाच्याही मनात त्या शेतकऱ्याविषयी आकस नव्हता आणि तरीही भर सभेत बोललेला एक माणूस कागदावरून पुसला गेला, याची मला फार खंत वाटते.

याच नाशिकमध्ये 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवापुढे सारे सारखे, असे म्हणणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. बंद दरवाजासमोर माणसे येऊन उभी राहिली, तेव्हा त्या म्हणण्यात तथ्य किती, हे साऱ्या देशाला दिसले. सत्य असे चारचौघांत तपासता आले पाहिजे आणि तपासणाऱ्याची नोंद राहिली पाहिजे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालामुळे उमेदवारांना गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ नुसार त्यात खोटे लिहिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र अर्ज स्वीकारताना निवडणूक निर्णय अधिकारी त्या मजकुराची शहानिशा करत नाही. 15 फेब्रुवारी 2024 रोजी न्यायालयाने निवडणूक रोखे योजना, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याची सोय, घटनाबाह्य ठरवली, तीही मतदाराच्या जाणण्याच्या याच हक्काच्या आधारावर. हे निकाल मोलाचे आहेत, पण शपथपत्र वाचून हरकत घेणारा नागरिक घडतो तो गावच्या आणि वॉर्डाच्या सभेतच, आणि तिथे आपण त्याची हरकत लिहूनही घेत नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, की सभा उठण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचला जावा, हरकत घेणाऱ्याचे नाव आणि कारण त्यात लिहिले जावे आणि हजेरीचे पान त्याच संध्याकाळी फलकावर लावले जावे. आपल्यापैकी ज्यांची नावे गावाकडच्या मतदारयादीत आहेत, त्यांनी येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी ही मागणी लेखी द्यावी आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.