वायफाय कॅमेरा घेतलात, पण लाईट गेल्यावर काय?

नमस्कार मंडळी!

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पंधरा तऱ्हांनी आलाय. "दादा, कॅमेरा ऑफलाइन दाखवतो." "सर, गावच्या घराचा कॅमेरा रात्रीचा गायब होतो." आणि कतारच्या एका काकांनी दोनच शब्द लिहिलेत, "पैसे पाण्यात." काका, जरा थांबा. आजचा व्हिडिओ तुमच्यासाठीच आहे.

(कॅमेरा हातात घेऊन) हा बघा. लिंबाएवढं डोकं, खाली छोटी बैठक. खोक्यावर मोठ्या अक्षरात काय छापलंय? वायरलेस. बरं, मग ही मागून निघालेली शेपटी काय आहे? वायरच आहे ना ही! वायरलेस म्हणजे चित्र हवेतून जातं, एवढंच. वीज हवेतून येत नाही. हे मी मागेही बोललो होतो, पण तेव्हा तुम्ही पुढे ढकललंत, मला आकडे दिसतात.

जोडणी भराभर उरकतो. ॲप टाका, खातं उघडा, फोनवर आलेला क्यूआर कोड कॅमेऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरा, टुंग वाजलं की झालं. नाही वाजलं तर दहात आठ वेळा कारण एकच. स्वस्त कॅमेऱ्यांना २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं, ५ चं कळत नाही. राउटरवर दोन्हींना एकच नाव असेल तर जोडणीपुरतं ५ बंद करा. मूळ पासवर्ड बदला. हसू नका! २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीतून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरचे असले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास आडव्या केल्या. कुणाच्या तरी देव्हाऱ्यावरचा कॅमेरा त्या हल्ल्यात सामील असणार, आणि घरच्यांना पत्ताही नसणार.

मेमरी कार्ड केवढं घ्यायचं? फुल एचडी चित्र साधारण २ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिटने, लिहिलं जातं धरलं तर दिवसाला एकवीस-बावीस जीबी होतात. १२८ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवस पुरतं, मग जुनं पुसून वर नवीन. झालं. आता मुद्द्यावर.

आमचं घर चिपळूणच्या अलीकडे. आई आणि अण्णा तिथे, मी डोंबिवलीत. कॅमेरा मी आधी माजघरात लावला होता. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं तर समोर नुसता निळा-पांढरा चौकडा. मला वाटलं, बिघडला. फोन केला तर आई म्हणाली, "बिघडला नाही, मी पंचा टाकलाय. दिवसभर तू मला काय बघत बसणार?" बरोबर आहे तिचं. आई-वडिलांवर लक्ष ठेवायचं म्हणून त्यांना न विचारता घरात डोळा बसवायचा, हे मला तेव्हा सुचलंच कसं? कॅमेरा मुकाट्याने ओटीवर नेला. पण राउटर आत, मध्ये जांभ्याच्या दीड फुटी भिंती, सिग्नल कसा पोचणार? शेवटी राउटर खिडकीत आणला.

ओटीवर वेगळीच गंमत. रात्री दर पाच मिनिटांनी "हालचाल आढळली". चोर नाही, कोळी! अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, आणि कोळी बरोबर काचेसमोर जाळं विणतो. आणि त्या उजेडात जाळ्याचा धागा दोरखंडाएवढा दिसतो. उपाय म्हणजे आठवड्याला एकदा केरसुणी. ॲपमध्ये याला बटण नाही.

हां, तर लाईट. जूनमधली रात्र, अडीच वाजलेले, फोन वाजला : कॅमेरा ऑफलाइन. मी दचकून गावी फोन लावला. अण्णा म्हणाले, "लाईट गेली रे, झोप." कोकणात पावसाळ्यात लाईट जाते ही काय बातमी आहे? मी झोपलो. पण सकाळी डोक्यात आलं, घरी तर इन्व्हर्टर आहे!

इन्व्हर्टरवर काय आहे, तर माजघरातला पंखा, तीन दिवे आणि ओटीवरचा कॅमेरा. राउटर लावलेला टीव्हीच्या प्लगला. तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नाहीच. म्हणजे कॅमेरा जिवंत, घर जिवंत, राउटर मेलेला. पुढच्या शनिवारी जाऊन वायरमनकडून एक पॉइंट वाढवून घेतला, ऐटीत परत आलो. आठवड्याने लाईट गेली. कॅमेरा ऑफलाइन!

मंडळी, इथे नीट ऐका. फायबरचं नेट असेल तर पुष्कळ घरांत डबे दोन असतात. एक राउटर, आणि दुसरा तो पांढरा डबा, ज्यात बाहेरून आलेली बारीक फायबर शिरते. दोघांनाही वेगवेगळी वीज लागते. मी राउटर हलवला, हा दुसरा कपाटामागे तसाच जुन्या प्लगवर. अण्णांना टॉर्च घेऊन बघायला लावलं, तर त्यावर एकही दिवा नव्हता.

आता हेच चोराच्या बाजूने बघा. आमचा मीटर ओटीवर, शेजारी मेन स्विच. चोराला तुमचा पासवर्ड फोडायची गरजच नाही, खटका खाली केला की तुमच्या फोनवर 'ऑफलाइन' सोडून काहीही येणार नाही. कॅमेऱ्याला स्वतःची वीज असेल तर तो नेट नसतानाही कार्डावर लिहीत राहतो, हे खरं. पण कार्ड कुठे आहे? कॅमेऱ्यातच! म्हणून तो हात पोचणार नाही इतका उंच लावा.

आणि तिसरी बाजू. एका ताईंची कमेंट, "मग बॅटरीवाला घ्या ना, एवढा व्याप कशाला?" ताई, बॅटरीवाला बहुतेक वेळ झोपलेला असतो, माणसाची चाहूल लागली की जागा होतो. तेही चालेल. पण जागा होऊन तो चित्र देणार कुणाला? राउटरलाच! आणि राउटर मेलेला. फिरून तिथेच आलो ना? सिमकार्डवाला कॅमेरा यातून सुटतो, पण तिथे टॉवरची रेंज हवी, आणि आमच्याकडे रेंजसाठी माणूस पायरीवर जाऊन उभा राहतो.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो. खोक्यावर ८००० एमएएच बघून भुलू नका, तो आकडा बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८००० एमएएच म्हणजे आठ अँपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणलंत तर होतात तीसेक वॅट-तास. राउटर सात-आठ वॅट खात असेल तर थोडी वीज वाया जाते धरून तीन-साडेतीन तास, आणि डबे दोन असतील तर त्याहून कमी. राउटरचा व्होल्ट अॅडॉप्टरवर वाचून घ्या. बारा असतो बहुधा, पण वाचा. वाचायचे कष्ट घ्या.

आता तपासायचं कसं? मेन स्विच खाली करा. घराबाहेर या. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ॲप उघडा. वायफाय बंद करा म्हणतोय मी! घरच्या वायफायवर बसून "चालतंय की" म्हणू नका, कित्येक कॅमेऱ्यांचं चित्र तेव्हा घरातल्या घरात फिरतं, बाहेरचं नेट मेलंय हे कळतही नाही. काका, कतारमधून तुम्हाला हे जमणार नाही, घरी जो असेल त्याला खटका पाडायला सांगा आणि तुम्ही तिकडून बघा. पाच मिनिटं बघा, पाच सेकंद नव्हे.

"चायनाचा घेऊ का?" असंही खूप जणांनी विचारलंय. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्हीला सरकारी नियमांप्रमाणे सुरक्षेची चाचणी लागते. दुकानदाराला तेवढं विचारा. तो गोंधळला तर दुसरं दुकान.

आमच्याकडे आता दोन्ही डबे इन्व्हर्टरवर आहेत आणि कॅमेरा अजून तरी एकदाही ऑफलाइन गेलेला नाही. फक्त अण्णांनी हे फार मनावर घेतलंय. परवा रात्री अडीचला फोन वाजला. घाबरत घाबरत उचलला, तर तिकडून, "लाईट गेलीय. कॅमेरा चालू आहे का बघ."