सतरावा नंबर आणि हातात कप

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०२४-२५ चा सीझन, वीस क्लब, प्रत्येकाच्या ३८ मॅच, त्यात कोण खरंच चांगलं खेळलं आणि कोणाचं वर्ष वाया गेलं यावर आज बोलायचंय. पण पॉइंट टेबल वरून खाली वाचून दाखवायला मी आलेली नाही, ते तुमच्या मोबाइलवर आहेच. मला एका रात्रीपासून सुरुवात करायचीय.

२७ एप्रिल २०२५, रविवार, आपल्याकडे रात्रीचे नऊ. लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, म्हणजे अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल आणि टॉटेनहॅम. लिव्हरपूलला चॅम्पियन व्हायला नुसता ड्रॉ पुरेसा होता, आणि बाराव्या मिनिटालाच कॉर्नरवर सोलंकेनं हेडर मारून टॉटेनहॅमला पुढे नेलं, सगळं स्टेडियम क्षणभर गप्प. मग चारच मिनिटांनी दियाझ, नंतर मॅक अलिस्टर, नंतर गाकपो, हाफटाइमला ३-१. दुसऱ्या हाफमध्ये सालाहनं गोल केला, सरळ प्रेक्षकांपाशी गेला, एकाचा फोन घेतला आणि सगळ्या गर्दीला मागे घेऊन सेल्फी काढला. शेवटी ५-१. २०२० मध्ये लिव्हरपूल चॅम्पियन झालं तेव्हा कोविडमुळे ट्रॉफी रिकाम्या स्टेडियममध्ये उचलावी लागली होती, स्टँडमध्ये माणूस नाही, गाणं नाही. म्हणून तो सेल्फी मला या पूर्ण वर्षातला सगळ्यात खरा फोटो वाटतो. पाच वर्षं थांबलेल्या लोकांचा फोटो आहे तो.

आता त्याच मैदानावरची दुसरी टीम बघा. टॉटेनहॅमची ती लीगमधली १९ वी हार होती. सीझन संपला तेव्हा २२ हारी, ३८ पॉइंट, नंबर सतरावा, म्हणजे त्यांच्या खाली फक्त तळाच्या तीन टीम, ज्या लीगबाहेर, खालच्या लीगमध्ये गेल्या. आणि बरोबर चोवीस दिवसांनी, २१ मे ला, स्पेनमधल्या बिलबाओमध्ये हीच टीम युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची फायनल मँचेस्टर युनायटेडविरुद्ध १-० नं जिंकते. ब्रेनन जॉन्सनचा गोल, पण माझ्या डोळ्यासमोर राहिलाय तो व्हॅन डे व्हेन. युनायटेडच्या होयलुंडचा हेडर गोलकीपरच्या डोक्यावरून गोलकडे चाललेला, सगळ्यांनी गोल धरलेला, आणि हा माणूस मागे पळत पळत हवेत आडवा झाला आणि लाइनवरून बॉल पायाने बाहेर काढला. २००८ नंतर टॉटेनहॅमला पहिली ट्रॉफी, युरोपातली तर १९८४ नंतर पहिली.

मग सांगा, या क्लबला मार्क किती द्यायचे?

मला विचाराल तर टेबल खोटं बोलत नाही, पण ते अर्धंच सांगतं. क्लब वर्षाच्या सुरुवातीला कुठे उभा होता, हाताशी काय होतं, आणि मे महिन्यात त्याच्या लोकांच्या पदरात काय पडलं, हे तिन्ही बघितल्याशिवाय मार्क देता येत नाहीत. टॉटेनहॅमचंच घ्या, त्यांनी लीगमध्ये ६४ गोल केले. चौथ्या आलेल्या चेल्सीनेही ६४ च केले, सहाव्या अ‍ॅस्टन व्हिलाचे आणि सातव्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ५८-५८. म्हणजे गोल करण्यात कमी नव्हती, पण खाल्ले ६५. गोलकीपर विकारियो, रोमेरो, व्हॅन डे व्हेन हे सगळे महिनोन्‌महिने जखमी, अठरा वर्षांच्या आर्ची ग्रेला, जो मुळात मिडफिल्डर, त्याला सेंटर बॅकला खेळवत होते, आणि मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, पोस्टेकोग्लू तरीही डिफेन्स लाइन आपल्या गोलपासून लांब, वर ठेवूनच खेळणार. त्यानं आधीच सांगितलं होतं की दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो, आणि जिंकला. ६ जूनला त्याला काढलं. लीगचं प्रगतिपुस्तक बघितलं तर क्लबचा निर्णय समजतो, पण मला तो पटला नाही आणि अजून पटत नाही. सतरा वर्षं उपाशी बसवलेल्या माणसांना ज्याने जेवायला वाढलं, त्याला पंधरा-सोळा दिवसांत दार दाखवायचं नसतं.

लिव्हरपूलकडे येऊ. मॅनेजर क्लॉप गेला, त्याच्या जागी आर्ने स्लॉट आला, आणि क्लबनं उन्हाळ्यात पहिल्या टीमसाठी घेतला फक्त एक किएझा. मिडफिल्डमध्ये सुबिमेंडी यायचा होता, तो नाही म्हणाला, मग स्लॉटनं आहे त्याच ग्राफनबर्खला मागे खेचून सहा नंबरच्या, म्हणजे डिफेन्सच्या अगदी पुढच्या जागी उभं केलं, आणि ती जागा त्यानं वर्षभर सोडली नाही. सालाहचे २९ गोल आणि १८ असिस्ट, म्हणजे गोल करणाऱ्याला दिलेले पास, ३८ मॅचच्या सीझनमध्ये इतकं कोणीच केलेलं नाही. पण एक गोष्ट लोक म्हणतात ती मला खोडायचीय. म्हणतात की लिव्हरपूलचे ८४ पॉइंट झाले, आदल्या वर्षी ८२ होते आणि तेव्हा तिसरे आले होते, मग काय मोठं केलं, बाकीचे घसरले म्हणून हे जिंकले. बाकीचे घसरले हे खरंय, मँचेस्टर सिटी ९१ वरून ७१ वर आली, आर्सेनल ८९ वरून ७४ वर. पण लिव्हरपूलचे ८२ पॉइंट त्या टॉटेनहॅमच्या मॅचलाच झाले होते, चार मॅच बाकी असताना! त्यानंतरच्या चार मॅचमध्ये फक्त दोन पॉइंट आले, काम झालेलं होतं, पाय सैल पडले. जे आदल्या वर्षी ३८ मॅचमध्ये केलं ते यंदा ३४ मध्ये केलं, नवा मॅनेजर आणि जवळजवळ जुनीच टीम घेऊन. माझ्याकडून पैकीच्या पैकी.

सिटीचं कारण एका वाक्यात सांगता येतं, सप्टेंबरमध्ये आर्सेनलविरुद्ध त्यांचा मिडफिल्डर रोद्रीचा गुडघा गेला. सलग चार वर्षं चॅम्पियन असलेली टीम, आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून बॉक्सिंग डेपर्यंत, म्हणजे २६ डिसेंबरपर्यंत, सगळ्या स्पर्धा धरून १३ मॅचमध्ये एकच विजय, स्वतःच्या घरी टॉटेनहॅमकडून ०-४. तरी तिसरे आले, हे त्यांच्या खिशाचं बळ, जानेवारीत पैसे ओतून मार्मुश वगैरे घेतले. आर्सेनलचं मला जास्त लागलं. सलग तिसऱ्यांदा दुसरे. लीगमध्ये सगळ्यात कमी, फक्त ३४ गोल खाल्ले, हारले फक्त चार, म्हणजे लिव्हरपूलइतकेच! पण ड्रॉ १४. आदल्या वर्षी ड्रॉ होते पाच. पुढे खेळणारे साका डिसेंबरपासून जखमी होऊन बाहेर, जेझूस बाहेर, हावर्ट्झ बाहेर, आणि फेब्रुवारीत लेस्टरला मिकेल मेरिनो या मिडफिल्डरला स्ट्रायकर म्हणून आत पाठवलं, त्यानं दोन गोल मारून मॅच काढली. मेरिनोचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण चॅम्पियन व्हायला निघालेल्या क्लबकडे फेब्रुवारीत एक धड स्ट्रायकर नसावा ही चूक नशिबाची नाही, ती खरेदीची आहे.

आणि आता माझा आवडता क्लब, म्हणजे या सीझनपुरता. नॉटिंगहॅम फॉरेस्ट. ज्यांना जुना फुटबॉल माहितीये त्यांना हे नाव ऐकून छातीत काहीतरी होतं, मॅनेजर ब्रायन क्लफच्या हाताखाली १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, जिंकलेला क्लब. मग खाली गेला तो तेवीस वर्षं प्रीमियर लीगच्या बाहेर, २०२२ ला परत आला. २०२३-२४ मध्ये मैदानावर ३६ पॉइंट कमावले, त्यातले चार खर्चाचे नियम मोडल्याबद्दल कापले, राहिले ३२, नंबर सतरावा. यंदा ६५. नंबर सातवा. दुपटीपेक्षा जास्त! आणि लीगमधून खाली गेलेल्या तिन्ही टीमचे पॉइंट एकत्र केले तरी ५९ होतात.

कसं केलं? तेव्हाचा मॅनेजर नुनो एस्पिरितो सांतोनं एक साधी गोष्ट केली, बॉल समोरच्याला दिला. घ्या, खेळा, आम्ही आमच्या पेनल्टी बॉक्ससमोर उभे आहोत. मुरिलो आणि मिलेंकोविच मध्ये, मागे गोलकीपर सेल्स, १३ क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅच, आर्सेनलच्या रायाबरोबर लीगमध्ये सगळ्यात जास्त. बॉल हिसकावला की हडसन-ओडोय, एलांगा दोन्ही बाजूंनी सुसाट, आणि पुढे न्यूझीलंडचा ख्रिस वुड, तेहतीस वर्षांचा, २० गोल. सप्टेंबरमध्ये अ‍ॅनफिल्डवर जाऊन यांनी लिव्हरपूलला १-० हरवलं होतं, हडसन-ओडोयनं डावीकडून आत येऊन मारलेला गोल. तेव्हा सगळे म्हणाले, झालं एखादेवेळी. जानेवारीच्या शेवटी बोर्नमथकडून ०-५ नं हारले तेव्हा म्हणाले, बघा, फुगा फुटला. आणि आठवड्यानं ब्रायटनला ७-० ठोकलं, वुडची हॅटट्रिक. फुटबॉल बघायला लागल्यापासून मी इतका सरळ जबाब कुठल्या टीमनं दिलेला बघितलेला नाही.

शेवट मात्र जीव लावणाऱ्याला त्रास देणारा झाला. किती आठवडे ते तिसऱ्या नंबरवर होते, मग पाय जड झाले, आणि शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर चेल्सीविरुद्ध, जिंकलं असतं तर चॅम्पियन्स लीग हाताशी होती, कोलविलनं दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच गोल केला, ०-१. हातातोंडाशी आलेला घास गेला. तरी जवळपास तीस वर्षांनी युरोपात परत. कोणी म्हणेल शेवटी ढेपाळले म्हणून मार्क कापा, मी नाही कापणार.

त्याच शेवटच्या दिवशी आणखी एक गंमत झाली, न्यूकॅसल घरी एव्हर्टनकडून ०-१ हारली तरी चॅम्पियन्स लीगला गेली, कारण व्हिला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ०-२ हारली. दोघांचे ६६, गोल फरकावर न्यूकॅसल. व्हिलाचा रॉजर्सचा गोल रेफरीनं आधीच शिट्टी मारल्यामुळे गेला, VAR ला, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफरीला, बघताच आलं नाही, त्यांचा राग मला रास्त वाटतो. पण न्यूकॅसलचं खरं वर्ष मार्चमध्येच झालं होतं. लंडनच्या वेम्बलीला लीग कपची, म्हणजे लीगपेक्षा वेगळ्या नॉकआउट स्पर्धेची फायनल, लिव्हरपूल समोर, हाफटाइमच्या जरा आधी कॉर्नर, आणि सव्वासहा फुटांच्याही वरचा डॅन बर्न लांबून हेडर मारतो, गोल. हा त्याच भागातला पोरगा, लहानपणी न्यूकॅसलच्याच अ‍ॅकॅडमीनं सोडून दिलेला. १९५५ नंतर देशातली पहिली मोठी ट्रॉफी, सत्तर वर्षं. क्रिस्टल पॅलेसचं तसंच, पहिल्या आठ मॅचमध्ये एकही विजय नाही, टेबलात शेवटी बारावे, पण ५३ पॉइंट हा त्यांचा प्रीमियर लीगमधला विक्रम, आणि १७ मे ला सिटीला १-० हरवून एफए कप, ही इंग्लंडची जुनी नॉकआउट स्पर्धा, एझेचा गोल, हेंडरसननं अडवलेली मार्मुशची पेनल्टी. क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी! बाराव्या नंबरला यापेक्षा श्रीमंत वर्ष काय असतं.

मँचेस्टर युनायटेडवर फार बोलणार नाही. ४२ पॉइंट, पंधरावा नंबर, १९७४ ला खाली गेल्यापासूनचं सगळ्यात वाईट, घरी नऊ हारी. ऑक्टोबरच्या शेवटी मॅनेजर टेन हाग गेला, नोव्हेंबरमध्ये अमोरिम आला, ज्या पद्धतीचे खेळाडू नव्हते ती पद्धत भर सीझनमध्ये बसवायला घेतली. नापास, आणि त्यांचे चाहतेच हे पहिल्यांदा म्हणतील.

खालच्या तिघांची चिंता मला मनापासून वाटते. लेस्टर २५, इप्सविच २२, साउथॅम्प्टन १२. आदल्या वर्षी खालच्या लीगमधून वर आलेल्या तिन्ही टीम लगेच खाली, आणि हे सलग दुसऱ्या वर्षी. इप्सविच तर दोन वर्षांत दोन पायऱ्या चढून आलेला क्लब, त्याला मी नापास म्हणू शकत नाही, वरच्या लीगमधला पैसाच इतका पुढे गेलाय. साउथॅम्प्टनचं वेगळं, मागून छोटे पास देत खेळायचा हट्ट, बॉल आपल्याच बॉक्समध्ये हरवायचा आणि गोल खायचा, ८६ खाल्ले. सात मॅच बाकी असताना खाली गेले. २००७-०८ च्या डर्बी काउंटी क्लबचे ११ पॉइंट हा नीचांक, तो आपल्या नावावर येऊ नये एवढंच उरलं होतं. १० मे ला सिटीविरुद्ध ०-० झालं, बारावा पॉइंट आला, आणि घरच्या लोकांनी ट्रॉफी जिंकल्यासारखा आवाज केला. मला तो आवाज ऐकून भरून आलं.

आणि एव्हर्टन. तेरावा नंबर, ४८ पॉइंट, पंधरा ड्रॉ. जानेवारीत जुना मॅनेजर डेव्हिड मॉयेस परत आला आणि घसरणारी गाडी रुळावर आणली, एवढंच टेबल सांगेल. पण १८ मे ला त्यांच्या घरच्या मैदानावर, गुडिसन पार्कवर, पुरुषांच्या टीमची शेवटची मॅच होती. १८९२ पासूनचं मैदान. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून ज्यांनी आपल्या पेठेच्या टीमसाठी घसा बसवलाय, त्यांना मी वेगळं सांगायला नको मैदान म्हणजे काय असतं. साउथॅम्प्टनला २-० हरवलं, दोन्ही गोल इलिमान एनदायेचे. नवीन स्टेडियम नदीकाठी ब्रॅमली-मूर डॉकला तयार होतं. मॅच संपली तरी लोक उठत नव्हते. जुने खेळाडू एकेक करून मैदानात आले, म्हातारी माणसं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी होती. ते मैदान पाडायचं होतं, पण त्याच आठवड्यात क्लबनं सांगितलं की पाडणार नाही, आता तिथे एव्हर्टनची महिला टीम खेळेल.