डेस्कटॉप ॲपमध्ये व्हिडिओची वेळ दाखवायची कशी?

नमस्कार मंडळी! व्हिडिओ चालू असताना खाली जी वेळ पळत असते, ती आज आपण सी-शार्प ही भाषा आणि डब्ल्यूपीएफ, म्हणजे विंडोज ॲपच्या खिडक्या-बटणं बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, वापरून दाखवूया. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टला मीडिया प्लेअर घेतात, त्यांच्या हे कामाचं आहे.

उदाहरणाला आपल्या बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक घेऊ. ती रात्रभर चालते, त्यामुळे रेकॉर्डिंगही तासन्‌तासाचं. त्यात आपल्या गल्लीचा चित्ररथ शोधायचा तर वेळ बरोबर दिसायलाच हवी.

बरेच जण टायमर लावतात आणि दर सेकंदाला आकडा एकने वाढवतात. असं करू नका. व्हिडिओ पॉज केला तरी मोजणी चालूच राहते आणि स्लायडर पुढे ओढला तर आकडा मागेच राहतो. वेळ प्लेअरलाच विचारायची. मीडियाएलिमेंट म्हणजे व्हिडिओ चालवणारा डब्ल्यूपीएफचा घटक, त्याची पोझिशन ही प्रॉपर्टी आत्ताची जागा सांगते. डिस्पॅचरटायमर, म्हणजे डब्ल्यूपीएफचा टायमर, त्याचं काम एवढंच, की ती वाचून लेबलवर लिहायची. इंटरव्हल २०० मिलिसेकंद ठेवा. पूर्ण सेकंदाचा ठेवलात, तर टायमरला थोडाथोडा उशीर होत जातो आणि मधूनच ०५ नंतर एकदम ०७ दिसतं.

आता इकडे बघा. स्लायडर १ तास १२ मिनिटांवर नेला आणि लेबलवर आलं १२:००. तास गेला कुठं? पोझिशन वेळ देते ती टाइमस्पॅन या प्रकारात, आणि त्याची मिनिट्स ही प्रॉपर्टी ० ते ५९ एवढंच देते, तास वेगळा मागावा लागतो. छोट्या क्लिपवर टेस्ट केलं तर ही चूक सापडतच नाही, म्हणून मोठी फाइल लावूनच बघा. टू-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे वेळेचा मजकूर बनवताना, तास, मिनिटं, सेकंद तिन्ही द्या. आणि कोलनच्या आधी बॅकस्लॅश हवाच, नाहीतर फॉरमॅटएक्सेप्शन ही एरर येते.

एकूण वेळ नॅचरलड्युरेशनमधून मिळते, पण फाइल उघडल्यावरच. त्याआधी मागितलीत तर एरर. म्हणून मीडियाओपन्ड इव्हेंटमध्ये हॅजटाइमस्पॅन, म्हणजे एकूण वेळ कळली आहे का, ते तपासा आणि मगच स्लायडरचं मॅक्झिमम ठरवा.

मीडियाएलिमेंटची लोडेडबिहेव्हिअर ही प्रॉपर्टी मॅन्युअल करायला विसरू नका, त्याशिवाय प्ले-पॉजची बटणं चालणार नाहीत.

राहिला स्लायडर, आणि माझ्या मते खरी कसरत इथंच आहे. तुम्ही तो ओढताय आणि टायमर त्याला परत मागे खेचतोय, अशी ओढाताण होते. ड्रॅगस्टार्टेडला, म्हणजे ओढायला सुरुवात होताच, एक बूलियन (फक्त ट्रू किंवा फॉल्स ठेवणारा व्हेरिएबल) ट्रू करा आणि तो ट्रू असेपर्यंत टायमरनं स्लायडरला हात लावायचा नाही. ड्रॅगकम्प्लीटेडला स्लायडरची व्हॅल्यू पोझिशनला द्या आणि बूलियन फॉल्स करा.

कोड स्क्रीनवर ठेवलाय, व्हिडिओ थांबवून सावकाश टाइप करून घ्या. अडलं तर मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, मी उत्तर देईन.