एलईडी पडद्यावरची थाप उशिरा का पडते?

मंचाच्या बाजूला कॅमेऱ्याचं थेट चित्र दाखवणारा पडदा लावला की चित्राचा उशीर सगळ्यात आधी पकडतो तो तबलजीचा हात. थाप कानावर पडून जाते आणि पडद्यावरचा हात अजून वरच असतो. भाषणात हे खपून जातं. तबल्यात किंवा कथकच्या तत्कारात मुळीच खपत नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी.1359 ही शिफारस सांगते की आवाज चित्राच्या साधारण 45 मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं आणि 90 ही स्वीकारार्हतेची मर्यादा. आवाज मागे राहिला तर जाणवायला 125 लागतात. आपल्याकडे नेमका आवाजच पुढे असतो. सेकंदाला 50 फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम 20 मिलिसेकंदांची, म्हणजे हातात जेमतेम दोन फ्रेम, ताणून चार. मागच्या रांगांना थोडी सूट मिळते, कारण 15 मीटर अंतर कापायला आवाजालाच 44 मिलिसेकंद लागतात. पुढच्या रांगांना ती मिळत नाही.

काहीही बदलण्याआधी मोजा. कॅमेऱ्यासमोर एक टॉर्च धरा. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन लावा आणि टॉर्च व पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असं उभं राहा. टॉर्च लागल्यापासून ती पडद्यावर दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम 4.17 मिलिसेकंदांची. 24 भरल्या तर उशीर 100 मिलिसेकंद. टॉर्च फ्रेमच्या मध्येच कुठेतरी लागते, त्यामुळे आकडा दर वेळी थोडा हलतो. चार-पाच वेळा मोजून सरासरी घ्या. मग साखळीतलं एकेक यंत्र बाजूला काढून पुन्हा मोजा.

बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या टप्प्यावर आकडा मोठी उडी मारतो. कॅमेरा कॅप्चर कार्डातून (कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र) कॉम्प्युटरमध्ये, तिथून ओबीएस या स्ट्रीमिंग-रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिथून ग्राफिक्स कार्डमधून पडद्याकडे: या प्रवासात प्रत्येक ठिकाणी फ्रेम रांगेत थांबते. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की स्विचर, म्हणजे कॅमेऱ्यांमधून चित्र निवडणारं यंत्र, असेल तर पडद्याच्या वाटेत कॉम्प्युटर ठेवूच नये. स्विचरचा प्रोग्रॅम आउट (निवडलेलं अंतिम चित्र) एसडीआय या व्हिडिओ केबलने सरळ एलईडी प्रोसेसरला, म्हणजे पडद्याच्या पॅनेलना चित्र वाटून देणाऱ्या यंत्राला, द्या. कॉम्प्युटरला दुसरं आउटपुट द्या, स्ट्रीमिंग आणि रेकॉर्डिंगसाठी. नावाच्या पट्ट्या कॉम्प्युटरवरून स्विचरमध्ये कीने, म्हणजे चित्रावर चित्र चढवण्याच्या सोयीने, आणा. पट्टी 100 मिलिसेकंद उशिरा आली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

स्विचर नसेल, सगळं कॉम्प्युटरवरच असेल, तर आधी कॅप्चर कार्ड बघा. 1080पी50 चं (सेकंदाला 50 पूर्ण फ्रेम) वायूवाय2 या फॉरमॅटमधलं कॉम्प्रेस न केलेलं चित्र म्हणजे सेकंदाला सुमारे 207 मेगाबाइट. यूएसबी 2.0 ची कागदावरची मर्यादाच 60. त्यामुळे स्वस्त कार्ड चित्र एमजेपेगमध्ये दाबतं, कॉम्प्युटर ते पुन्हा उलगडतो, आणि तिथे वेळ जातो. यूएसबी 3.0 चं कार्ड घ्या, शक्य असेल तर पीसीआयई, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसणारं. यूएसबी कार्ड हबमध्ये नको, थेट मागच्या पोर्टला लावा. दोन कार्डं एकाच कंट्रोलरवर आली तर बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) पुरत नाही आणि फ्रेम गळतात.

ओबीएसमध्ये सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये बफरिंग डिसेबल करा आणि फॉरमॅट एमजेपेगऐवजी वायूवाय2 किंवा एनव्ही12 निवडा. कॅमेरा 1080आय50 वर (एकाआड एक ओळी पाठवणारं चित्र) असेल तर 1080पी50 करा, म्हणजे डीइंटरलेसिंगचा, त्या ओळींपासून पूर्ण फ्रेम बनवण्याचा, वेळ वाचेल. कॅमेरा, ओबीएसचा एफपीएस आणि पडद्याकडे जाणारा डिस्प्ले तिन्ही 50 वर हवेत. विंडोजमध्ये डिस्प्ले 60 हर्ट्झवर राहून जातो हे फार दिसतं: मग दर पाच फ्रेममागे एक दोनदा दाखवली जाते आणि तबल्याचा हात अडखळतो. डिस्प्ले डुप्लिकेट नको, एक्स्टेंड ठेवा आणि त्यावर फुलस्क्रीन प्रोजेक्टर उघडा. स्टॅट्समध्ये रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड भरलंय. आधी ब्राउझर सोर्स (ओबीएसमध्ये दाखवलेली वेबपानं) कमी करा. बिटरेट आणि एन्कोडर प्रीसेट यांच्याशी मात्र उगाच खेळू नका. त्यांनी स्ट्रीमचा उशीर बदलतो, सभागृहातल्या पडद्याचा नाही.

शेवटचा टप्पा एलईडी प्रोसेसर. त्याला मोठं-लहान करावं लागणार नाही अशाच रिझोल्यूशनमध्ये सिग्नल द्या. काही प्रोसेसरमध्ये लो लेटन्सी पर्याय असतो, पण तो वापरला की पॅनेलच्या केबल कशा फिरवायच्या यावर बंधनं येऊ शकतात. पडदा उभा राहण्याआधीच उभारणाऱ्यांशी बोलून ठेवा.

एवढं करूनही उशीर उरला तर सभागृहाच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडायचा मोह होतो. ते करू नका. पुढच्या रांगेला तबला थेटही ऐकू येतो आणि स्पीकरमधूनही, त्यामुळे दोन थापा ऐकू येतील; सभागृहातून मंचाकडे परतणारा आवाज कलाकाराची लयही बिघडवेल. आवाज मागे घ्यायचा तो फक्त स्ट्रीमचा. ओबीएसच्या अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये सिंक ऑफसेट मिलिसेकंदांत देता येतो. तो आकडा स्ट्रीमचं रेकॉर्डिंग तपासून ठरवा, पडद्यासाठी मोजलेला तिथे भरू नका: स्ट्रीमच्या वाटेत एलईडी प्रोसेसर येतच नाही.