गिटारच्या ॲम्पचा जॅक

नमस्कार श्रोतेहो.

गणपती जवळ आले की इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात, राजेंद्र नगरात संध्याकाळी तालमी सुरू होतात. पेटी-तबल्याच्या बरोबरीनं आता एखादा मुलगा गिटार घेऊन बसलेला असतोच. आणि कार्यक्रम तोंडावर आला की नेमका त्याचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, खरखरतो. वायर दाबून धरली तर वाजतो, सोडली की गप्प. मग घरात निकाल लागतो: ॲम्प गेला, नवा आणा.

नवा आणायची एवढी घाई कशाला? अशा तक्रारीत पुष्कळदा दोष असतो तो फक्त इनपुट जॅकचा, म्हणजे गिटारची पिन जिथे खुपसतो त्या भोकाचा. शंभराची नोट दिली तर साधा जॅक येऊन वर सुटे परत मिळतात.

अर्थात संशय आधी वायरवरच घ्यायचा. दुसरी वायर लावा, जमल्यास दुसरी गिटार लावा. तरीही पिन हलवल्यावर आवाज येत-जात असेल तर जॅककडे वळा. पिन घालताच नुसतीच मोठी घरघर येत असेल, तर अर्थचा, म्हणजे अर्थिंगच्या जोडणीचा, संपर्क तुटलाय.

ही पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी निघाली. ऑपरेटर दिवसभर ती खुपसायचे, उपसायचे, त्यामुळे तिथला जॅक दणकट धातूचा असे. आजच्या स्वस्त सरावाच्या ॲम्पमध्ये जॅकची प्लॅस्टिकची डबी थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे वितळलेल्या धातूचा डाग देऊन जोडलेली असते. बाहेरचा नट ढिला झाला की वायरीचा प्रत्येक हिसका त्या सोल्डरवर येतो. बोर्ड उलटा करून उजेडात धरा. जॅकच्या पायाभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ दिसेल. मेकॅनिक लोक त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. एवढंच असेल तर जुनं सोल्डर ओढून काढा आणि ताजं भरा. जुन्यावरच सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक टेकवून भागवलं तर चार दिवसांत पुन्हा खरखर. पिनला टेकणारी आतली पट्टी सैल पडली असेल किंवा डबीला चीर गेली असेल, तर मात्र जॅकच बदला.

उघडण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगतो. ॲम्प व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा असेल तर घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट टिकून राहू शकतात. तो जाणकारालाच द्या. ट्रान्झिस्टरचा असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा, थोडा वेळ जाऊ द्या, आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला हात घालू नका.

आता मोबाइलवर आतले फोटो काढून ठेवा. पुष्कळ ॲम्पमध्ये बोर्ड जॅक आणि नॉबच्या नटांवरच अडकवलेला असतो, ते सोडवले की तो बाहेर येतो. जुना जॅक काढताना सोल्डर ओढायच्या पंपानं प्रत्येक पायाचं सोल्डर ओढून घ्या. जॅक उचकटू नका, खालचा तांब्याचा पट्टा उपटून येतो आणि पाच मिनिटांचं काम तासाचं होतं. मग तो जॅक खिशात टाकून महाराणी रोड गाठा. दुकानात पी-३८ मोनो फीमेल म्हणून मागा, पण नावावर जाऊ नका. जुन्याशेजारी ठेवून पाय जुळवून बघा.

पाय जुळवायचे म्हणजे नुसतं अंतर नव्हे. खरी मेख तिथेच आहे. एक पाय पिनच्या टोकाचा, एक अर्थचा आणि अनेक जॅकना तिसरा, स्विचचा. गिटार लावलेली नसते तेव्हा हा स्विच टोकाला अर्थशी जोडून ठेवतो, म्हणून रिकामा ॲम्प शांत राहतो. पिन आत गेली की पट्टी उचलली जाते आणि जोड सुटतो. हा पाय सोडून दिलात तर गिटार लावायच्या आधीच ॲम्प सूं-सूं करत बसेल. पट्टी चिकटून राहिली तर पिन घालूनही चकार शब्द नाही. म्हणून सोल्डर करण्याआधी मल्टिमीटर बीपवर, म्हणजे जोड असला की वाजणाऱ्या खुणेवर ठेवा आणि टोकाचा व स्विचचा पाय तपासा. रिकाम्या जॅकला बीप हवा, पिन घातल्यावर तो थांबायला हवा. मात्र त्या पिनच्या वायरीचं दुसरं टोक मोकळं ठेवा.

बसवताना आधी नट आवळा, मग सोल्डर करा. उलट केलंत तर नट पिळताना सगळा ताण नव्या सोल्डरवर जातो. आणि प्लॅस्टिकच्या जागी धातूचा जॅक घालायचा मोह होईल, दिसतोही मजबूत. पण त्याची अर्थ थेट चॅसिसला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला टेकते आणि काही ॲम्पमध्ये त्यानं नवीनच घरघर सुरू होते. जो होता तसाच घाला.

घरघर घालवायला कुणी थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढून टाका म्हणेल. मुळीच ऐकू नका. गिटारच्या तारा जॅकमधून, चॅसिसमधून त्याच अर्थला जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला आणि ती वाट बंद असली, तर विजेचा धक्का बोटांत उतरतो.

आणि तालमीला बसताना वायर आधी ॲम्पच्या मुठीतून ओवून घ्या, मग जॅकमध्ये लावा. कुणाचा पाय अडकला तरी हिसका मुठीला बसेल. नमस्कार.