आंबा, साका आणि न उघडणारा लेख

नमस्कार श्रोतेहो.

मृगाच्या सरी येऊन गेल्या, कॉलेजं सुरू झाली. एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांना प्रोजेक्टचे विषय मिळालेत. पीएच.डी. करणाऱ्यांना मार्गदर्शकांनी सांगून ठेवलंय, आधी या विषयावर काय काय लिहून झालंय ते वाचा. आणि आमच्याकडे, म्हणजे कॉलेजच्या ग्रंथालयात, दर जूनला येणारी तक्रार यंदाही आली. मॅडम, लेख सापडला, पण उघडत नाही.

उघडत नाही म्हणजे काय होतं? गूगलवर विषय टाकला की लेखाचं नाव दिसतं, लेखकांची नावं दिसतात, आठदहा ओळींचा सारांश दिसतो, ज्याला आपण ॲबस्ट्रॅक्ट म्हणतो. पुढे वाचायला गेलं की पाटी येते, इतके डॉलर भरा. तीस डॉलर, चाळीस डॉलर. मुलं तिथेच थांबतात. नाहीतर तेवढ्या आठ ओळी वाचून लेख वाचल्यासारखं लिहून मोकळी होतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. सारांशात निष्कर्ष असतो. तो कसा काढला, किती झाडं तपासली, कुठल्या वर्षी, कुठल्या जमिनीत, हे सगळं आतल्या पानांवर असतं.

मी आज एकच गोष्ट सांगणार आहे, आणि तीच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पैसे भरू नका. आधी ग्रंथालयात विचारा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. परीक्षा आटपल्या होत्या, वाचनकक्षात मी आणि आमचे शिपाईकाका, दोघंच. दुपारी दोनच्या सुमाराला वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ची एक मुलगी आली आणि तिच्या मागून तिचे वडील. देवगडकडचे बागायतदार. चपला दाराबाहेर काढून आत आले आणि उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. हातात वर्तमानपत्राची पुडी होती, ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि हळूच उलगडली. आत कापलेला हापूस.

साल पिवळीधमक, देठाकडे केशरी झाक, कुठे डाग नाही की सुरकुती नाही. वासानं खोली भरून गेली. आणि कापलेल्या बाजूला, बाठ्याला, म्हणजे कोयीला लागून, दोन बोटं रुंदीचा पांढुरका पट्टा. दाबून पाहिलं तर भुसभुशीत, मधे पोकळ्या. साका. साका म्हणजे काय ते कोकणातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. पेटी मुंबईला गेल्यावर, गिऱ्हाइकानं आंबा कापल्यावर जो कळतो, तो साका.

त्यांनी मला विचारलं, "मॅडम, साको कित्याक जाता ता त्या पेपरात लिवलेला आसा, असा माझा चेडू म्हणता. आणि ता वाचूक तीन हजार रुपये मागतत. खरा काय?"

मुलीनं मान खाली घातली. झालं होतं असं की तिच्या प्रोजेक्टचा विषयच साका होता. इंटरनेटवर तिला एक लेख सापडला, 39 डॉलरचा. म्हणजे तीन हजारांच्या वर. तिच्याकडे कार्ड नाही, म्हणून तिनं मुंबईच्या काकांना फोन केला. काकांनी भावाला, म्हणजे तिच्या वडिलांना विचारलं, आणि ते आंबा घेऊन थेट माझ्याकडे आले. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून फार आदर आहे. मेच्या शेवटाला दोन पेट्यांना जे येतं, ते एका लेखासाठी देण्याआधी त्यांनी विचारलं. रागानं नाही, सरळ विचारलं.

मी मुलीला म्हटलं, वही काढ, कोणकोणते लेख हवेत ते दाखव. तिच्याकडे तीन लेखांची नावं होती.

पहिला तो 39 डॉलरचा. मी विचारलं, तुला एन-लिस्टचा लॉगिन मिळालाय ना? ती माझ्याकडे बघत राहिली. श्रोतेहो, एन-लिस्ट ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सेवा. कॉलेज वर्षाची वर्गणी भरतं आणि त्यावर मुलांना, शिक्षकांना सहा हजारांहून जास्त नियतकालिकं घरबसल्या वाचता येतात. नाव आणि पासवर्ड ई-मेलनं येतो. तिचा आला होता. पहिल्या वर्षी, प्रवेश घेतल्यावर महिनाभरात. स्पॅममध्ये पडून होता, दोन वर्षं. आम्ही तिथेच नवा पासवर्ड मागवला, तिनं लॉगिन केलं, त्याच नियतकालिकाचं नाव शोधलं, वर्ष काढलं, अंक काढला, आणि लेख उघडला. पूर्ण. अकरा पानं. वडील स्क्रीनकडे बघत म्हणाले, "पैशे नाय भरलंव?" मी म्हटलं, कॉलेजनं आधीच भरलेत.

हे नीट ऐका, कारण गोंधळ इथेच होतो. गूगलवरून त्या पानावर गेलात तर त्या पानाला तुम्ही कोण हे कळत नाही, म्हणून ते पैसे मागतं. ग्रंथालयाच्या लॉगिनमधून गेलात की तोच लेख, त्याच जागी, उघडतो. पुन्हा सांगते. तोच लेख. दार वेगळं.

दुसरा लेख तिनं सोडूनच दिला होता, कारण त्याची नुसती नोंद दिसत होती, लिंक नव्हती. 2004 सालचा, 'करंट सायन्स'मधला. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा, हापूसच्या साक्यात बाठ्याचा वाटा काय यावरचा. 'करंट सायन्स' 1932 पासून बंगळूरहून निघतं आणि त्याचे जुने अंक त्यांच्या स्वतःच्या साइटवर सगळ्यांना खुले आहेत. लॉगिन नको, वर्गणी नको. खंड आणि अंक माहीत असला की दोन मिनिटांचं काम.

लेख निघाला तसे वडील पहिल्यांदा खुर्चीवर बसले. म्हणाले, "माका इंग्रजी येना नाय. तुमी वाचून सांगा."

मग मी आणि ती मुलगी, दोघींनी मिळून वाचायला सुरुवात केली. ती शास्त्रातला शब्द सांगायची, मी मराठी करायची, आणि ती पुढे वडिलांना मालवणीत सांगायची. पंखा बंद, वीज गेलेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर वाचन चाललेलं. त्या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं, की आंबा झाडावर असतानाच आतला बाठा रुजायच्या तयारीला लागतो आणि त्यासाठी भोवतीच्या गरातलं पाणी आणि सत्त्व ओढून घेतो. बाठ्याजवळचा गर त्यामुळे बिघडतो.

ते ऐकून त्यांनी हात वर केला. थांबा, असा. आणि म्हणाले, "ता मी बघितलंय. साक्याच्या आंब्याचो बाठो फोडलो की आत कोंब सुटाक लागलेलो असता. चांगल्या आंब्यात तसो नसता."

श्रोतेहो, मी तीस वर्षं ग्रंथालयात आहे. पुस्तकं दिली, घेतली, शिक्के मारले. पण त्या दुपारी मला जे वाटलं ते फार थोड्या वेळा वाटलंय. या माणसानं आयुष्यभर बाठे फोडून जे पाहिलं होतं, ते बंगळूरच्या प्रयोगशाळेतून छापून आलं होतं, आणि दोघांची गाठ पडायला जवळजवळ वीस वर्षं लागली. लेख तर खुला होता. कुलूपसुद्धा नव्हतं. फक्त कुणी काढून दिला नव्हता.

मग त्यांनी आणखी विचारलं. झाडाखाली पाचोळा ठेवावा असं कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात, ते खरं का? मी म्हटलं, जमिनीची धग फळाला लागून साका वाढतो, म्हणून आच्छादन करावं, असं मांडणारं संशोधन जुनं आहे, तेही काढून देते. आंबा चौदा आण्यांवर, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडा आधी काढावा, सोळा आण्यांची वाट बघू नये, हे त्यांना माहीत होतंच. त्यामागचं कारण आता बाठ्याशी जुळलं.

थोडं बाजूला जाऊन बोलते. आपल्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. चांगलं झालं. पण पेटीवर चिकटवायच्या चिठ्ठीबद्दल आपण जितकं बोलतो, तितकं आंब्यावर झालेल्या संशोधनाबद्दल बोलत नाही. माझं ठाम मत आहे, की सरकारी पैशातून जे संशोधन होतं ते बागायतदाराला त्याच्या भाषेत दोन पानांत मिळालं पाहिजे, आणि ते देणं हे ग्रंथालयाचंही काम आहे. असो.

तिसरा लेख राहिला. तो ना एन-लिस्टमध्ये होता, ना कुठे खुला. अशा वेळी काय करायचं? लेखकाला लिहायचं. लेखाच्या पहिल्या पानावर, बहुतेक वेळा सारांशाच्या पानावरसुद्धा, लेखकाचा ई-मेल असतो. मुलीनं चार ओळींचं पत्र लिहिलं. मी अमुक कॉलेजची विद्यार्थिनी, साक्यावर काम करते, आपला अमुक वर्षाचा लेख अभ्यासासाठी हवा आहे. तिसऱ्या दिवशी लेख आला, सोबत आणखी दोन लेख, आणि अडलं तर कळव अशी ओळ. लेखाचे पैसे प्रकाशकाकडे जातात, लिहिणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. आपलं काम कुणी वाचावं एवढीच त्याची इच्छा असते. विचारायला लाजू नका.

आता बाकीचं भराभर सांगते.

1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. 30 प्रकाशकांची जवळजवळ 13,000 नियतकालिकं, सरकारी विद्यापीठं, सरकारी कॉलेजं आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. तुमची संस्था त्यात आहे की एन-लिस्टमध्ये, हे ग्रंथपालांना विचारा. तुम्ही अंदाज करत बसू नका.

प्रबंध हवे असतील तर 'शोधगंगा'. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे पूर्ण वाचायला मिळतात, फुकट. शेतीचे प्रबंध 'कृषिकोश'वर. मासळीवर काम करणाऱ्यांनी कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचा संग्रह बघावा, तोही खुला आहे.

आणि शोधताना आपल्या घरातलं नाव चालत नाही, हे लक्षात ठेवा. बांगडा म्हणून शोधलंत तर हाती काही लागणार नाही. 'रास्ट्रेलिगर कानागुर्टा' टाका, पन्नास वर्षांचं काम समोर येईल. कोकमासाठी 'गार्सिनिया इंडिका'. साक्यासाठी 'स्पाँजी टिश्यू' आणि त्याला जोडून 'अल्फान्सो'. हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर इंग्रजी स्पेलिंगसह लिहून ठेवा.

गूगल स्कॉलरवर लेखाच्या नावाखाली 'सगळ्या आवृत्त्या' अशी लिंक असते, तीही दाबून बघा. पुष्कळदा लेखकानं किंवा त्याच्या संस्थेनं तोच लेख दुसरीकडे ठेवलेला असतो. उजव्या बाजूला पीडीएफ दिसली तर काम झालंच.

पावसाळ्यात घरी रेंज नसते, मला ठाऊक आहे. मुलं सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर जाऊन, छत्री धरून लेख उतरवतात. म्हणून सांगते, ऑनलाइन वाचत बसू नका. रेंज आहे तोवर पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या आणि फाइलला लगेच नाव द्या. लेखकाचं आडनाव, वर्ष, विषयाचा एक शब्द. मोबाइलमध्ये नुसत्या आकड्यांच्या चाळीस फाइली घेऊन मार्चमध्ये येणारी मुलं मी बघते, आणि त्यांचे आठवडेच्या आठवडे त्यात जातात.

आणि ग्रंथालयात येताना स्क्रीनचा फोटो आणू नका. त्यात अर्धं नाव कापलेलं असतं. कागदावर चार गोष्टी लिहून आणा. लेखाचं पूर्ण नाव, पहिल्या लेखकाचं नाव, नियतकालिक, आणि वर्ष. डीओआय, म्हणजे लेखाचा स्वतःचा कायमचा क्रमांक, मिळाला तर तो. दहाच्या आकड्यापासून सुरू होतो, मधे तिरकी रेघ असते. एवढा एक क्रमांक असला की बाकी काही नसलं तरी आम्ही लेख गाठतो. आमच्याकडे नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवतो. त्याला आठवडाभर लागू शकतो, म्हणून जमा करायच्या आदल्या दिवशी येऊ नका, आत्ता या.

पैसे भरू नका. आधी ग्रंथालयात विचारा.

ती मुलगी आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते. तिच्या वडिलांचा या मेमध्ये फोन आला होता. शेजारच्या वाडीतल्या एका बागायतदाराला तुडतुड्यावरचं, म्हणजे आंब्यावरच्या किडीबद्दलचं काही वाचायचं आहे, त्याचा मुलगा आमच्या कॉलेजात नाही, तरी पाठवू का, असं विचारत होते. मी म्हटलं, पाठवा. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच, ग्रंथालय उघडं असतं.

नमस्कार.